तेलकट सुट्या भागांसाठी पर्यावरणपूरक डिग्रीझर: विकत घेण्याआधी पारख कशी करावी

दर्यापूर तालुक्यातील एका वर्कशॉपचालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या) यंत्रांची बेअरिंग-हाउसिंग, ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधील भाग आणि पंपांचे सुटे भाग दुरुस्तीला येतात. आजवर हे सारे रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुतले जात असे. आता एका विक्रेत्याने पाण्यात मिसळून वापरायचे ‘पर्यावरणपूरक’ डिग्रीझर, म्हणजे तेल-ग्रीस काढणारे द्रव्य, दाखवले आहे. ते रॉकेलइतके काम करते की नाही, हे प्रयोगशाळेत न जाता कसे तपासावे, अशी त्यांची विचारणा आहे. धुतलेल्या भागांपैकी काहींना नंतर प्रायमर आणि रंग लागतो, आणि धुण्याचे पाणी बोअरचे व खारे आहे, हेही त्यांनी कळवले आहे.

सर्वप्रथम, ‘स्वच्छ’ म्हणजे नेमके किती स्वच्छ, हे धुण्यानंतरच्या कामावरून ठरवावे. जे हाउसिंग धुऊन लगेच पुन्हा ग्रीसनेच भरायचे आहे, त्यावर तेलाचा पुसटसा थर राहिला तरी काही बिघडत नाही. तिथे कण, माती आणि रुईचा तूस निघणे महत्त्वाचे असते. ज्या भागावर प्रायमर चढणार आहे, त्यावर मात्र डोळ्याला न दिसणारा थरसुद्धा पुढे रंगाचे पापुद्रे सुटण्यास कारण होतो. वेल्डिंगचा भाग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतो. त्यामुळे एकच डिग्रीझर एका कामाला उत्तम आणि दुसऱ्या कामाला अपुरे ठरू शकते, आणि ‘चांगले आहे का’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा माणूस बहुधा विक्रेताच असतो.

विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकाबद्दलही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. तो सहसा ताजे तेल लागलेला गुळगुळीत भाग घेतो, त्यावर फवारा मारतो आणि फडक्याने पुसून चकचकीत करून दाखवतो. यात निम्म्याहून अधिक काम फडक्याने केलेले असते. साध्या पाण्याचा फवारा मारून तेच फडके त्याच जोराने फिरवले, तर किती फरक दिसतो, हे त्याच्यासमोरच करून पाहावे. तेल निघण्यामागे रसायन, तापमान, वेळ आणि घासणे अशा चार गोष्टी एकत्र काम करतात. त्यांपैकी रसायनाची पारख करायची असेल, तर उरलेल्या तिन्ही गोष्टी प्रत्येक चाचणीत अगदी सारख्या ठेवाव्या लागतात. बहुतेक घरगुती चाचण्या इथेच फसतात.

माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह पद्धत वजनाची आहे, आणि ती गावातही करता येते. लोखंडी सीआर (कोल्ड-रोल्ड, थंड लाटलेल्या) पत्र्याचे 50 बाय 100 मिलिमीटरचे, एक मिलिमीटर जाडीचे तुकडे कापून घ्यावेत, कडा कानशीने घासून घ्याव्यात आणि एका कोपऱ्यात तार अडकवण्यापुरते भोक पाडावे. असा एक तुकडा सुमारे 39 ग्रॅम भरतो. अडचण अशी की, त्याच्या दोन्ही बाजूंवर मिळून बसणारे तेल जेमतेम दशांश ग्रॅम असते, आणि 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या सराफी काट्यावर एका तुकड्याचे वजन केले तर चाचणीला काही अर्थ राहत नाही. यावर सोपा उपाय असा की, दहा तुकड्यांचा एक संच करावा. धुताना ते एकमेकांना न चिकटता वेगवेगळे टांगावेत, पण वजन मात्र दहाही तुकड्यांचे एकदम करावे. संच सुमारे 390 ग्रॅमचा होतो, त्यावरील तेल एक ग्रॅमच्या आसपास जाते, आणि मग 0.01 ग्रॅमचा काटा शंभरातील एका भागापर्यंतचा फरक दाखवू शकतो. वजन करताना पंखा बंद ठेवावा आणि तुकडे चिमट्याने उचलावेत, कारण बोटांचे तेलही मोजले जाते.

आधी हे तुकडे ॲसिटोनने धुऊन, वाळवून, वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा तोलावेत. ॲसिटोन पेटते, म्हणून हे काम वेल्डिंगपासून दूर, उघड्या हवेत करावे. त्यानंतर त्यांवर तुमच्याच दुकानातला मळ लावावा. विकत आणलेल्या स्वच्छ तेलावर चाचणी घेणे व्यर्थ आहे, कारण तुमच्याकडे येणारा चिकटा हा जुने गिअर ऑइल, ग्रीस, काळ्या मातीची धूळ आणि रुईचा तूस यांचे मिश्रण असतो. वापरलेले तेल, ग्रीस आणि चाळलेली माती यांचे प्रमाण एकदाच ठरवून एका डब्यात पुरेसे मिश्रण करून ठेवावे आणि सर्व संचांना तेच लावावे. मळ लावल्यावर तुकडे एक दिवस उभे टांगून ठेवावेत, म्हणजे जादा तेल गळून जाईल. एक संच वेगळा काढून उन्हाळ्यात पत्र्याच्या छपरावर आठवडाभर तापू द्यावा. तापलेले, हवेने घट्ट झालेले तेल आणि ताजे तेल यांत इतका फरक पडतो की, ताज्या तेलावर सर्वच डिग्रीझर जवळपास सारखे वाटतात आणि खरी निवड या तापलेल्या संचावरच होते.

धुण्यासाठी निदान पाच बादल्या असाव्यात. एकीत नुसते पाणी, दुसरीत रॉकेल, तिसरीत विक्रेत्याने सांगितलेल्या प्रमाणातील डिग्रीझर, चौथीत त्याच्या दुप्पट पाणी घालून केलेले पातळ डिग्रीझर आणि पाचवीत धुण्याचा सोडा व कपड्यांची साधी पावडर. ही पाचवी बादली अनेकांना अनावश्यक वाटते, परंतु महागडे उत्पादन जर धुण्याच्या सोड्याहून लक्षणीय चांगले ठरत नसेल, तर ते कशासाठी घ्यायचे, हा प्रश्न विचारायलाच हवा. प्रत्येक संच सारखाच वेळ भिजवावा, ठरावीक वेळा वर-खाली करावा, दोन स्वच्छ पाण्यांत खळखळावा आणि पूर्ण वाळवून तोलावा. ब्रशने घासण्याची चाचणी घ्यायची असल्यास तिचे संच निराळे करावेत.

हिशेब सोपा आहे, मात्र त्यात एक गोम आहे. समजा, स्वच्छ संचाचे वजन 392.40 ग्रॅम होते, मळ लावल्यावर 393.40 झाले आणि धुतल्यावर 392.45 राहिले. एक ग्रॅम लावले, 0.05 ग्रॅम उरले, म्हणजे 95 टक्के मळ निघाला. आता हेच डिग्रीझर तीन ग्रॅम मळ लावलेल्या संचावर वापरले आणि तेवढेच 0.05 ग्रॅम उरले, तर उत्तर 98 टक्क्यांच्या पुढे जाते, जरी धातूवर राहिलेला थर दोन्हीकडे एकच आहे. जाहिरातीतील मोठमोठे टक्के अनेकदा असेच जमवलेले असतात. म्हणून टक्क्यांबरोबर उरलेला मळ क्षेत्रफळावर मांडावा. दहा तुकड्यांच्या दोन्ही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ दशांश चौरस मीटर होते, म्हणजे वरील उदाहरणात दर चौरस मीटरला अर्धा ग्रॅम मळ उरला. एक ग्रॅम तेल एका चौरस मीटरवर सारखे पसरले, तर त्याची जाडी एक मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) किंचित अधिक भरते. अर्ध्या ग्रॅमचा थर डोळ्याला दिसणार नाही, पण प्रायमरला तो नक्की जाणवेल. अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेची जी 122 ही मानक पद्धतही मळ लावलेल्या नमुन्यांच्या वजनावरच आधारलेली आहे. आपण करतो ती तिचीच गावठी आवृत्ती म्हणता येईल.

प्रत्येक बादलीत मळ न लावलेला, स्वच्छ तुकड्यांचा एक संचही अवश्य धुवावा. या कोऱ्या संचाचे वजन वाढले, तर पाण्यातील क्षार किंवा डिग्रीझरचा अंश धातूवर बसला आहे असे समजावे आणि तेवढे वजन बाकीच्या उत्तरांतून वजा करावे. वजन घटले, तर डिग्रीझर धातूच खात आहे. लोखंडावर हे सहसा घडत नाही, परंतु कॉस्टिकयुक्त, अधिक पीएचच्या द्रावणात ॲल्युमिनियम आणि जस्त झपाट्याने झिजतात. पंपाचे बॉडी-कव्हर किंवा मोटारीची एंड-शील्ड ॲल्युमिनियमची असल्यास त्या धातूचाही कोरा संच करावा. धुतल्यावर ॲल्युमिनियम काळवंडले किंवा बादलीत ते टाकताच बारीक बुडबुडे उठले, तर डिग्रीझर कितीही ‘हिरवे’ असो, त्या भागांसाठी ते बाद समजावे.

वजनाची चाचणी रोज करणे शक्य नाही; रोजच्या कामासाठी पाण्याच्या थराची चाचणी पुरेशी आहे. धुतलेल्या भागावर शुद्ध पाणी ओतून तो उभा धरावा. धातू तेलमुक्त असेल, तर पाण्याचा अखंड पापुद्रा साधारण अर्धा मिनिट टिकतो. तेल असेल तिथे पाणी फाटते, मागे सरते आणि थेंब धरते. एएसटीएमची एफ 22 ही पद्धत याच तत्त्वावर आहे. रॉकेलने धुतलेला भाग या चाचणीत हमखास नापास होतो, कारण रॉकेल वाळताना आपलाच एक पातळ तेलकट थर मागे ठेवते, आणि ‘रॉकेलइतके स्वच्छ’ ही अपेक्षा रंगकामाच्या दृष्टीने मुळातच अपुरी असल्याचे तिथे लक्षात येते.

या चाचणीला फसवणारी एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यावी. पाण्यातील डिग्रीझरमध्ये साबणासारखी द्रव्ये असतात, आणि ती तेलाच्या उरलेल्या थरावर बसली की त्या थरावरूनही पाणी अखंड वाहू लागते. परिणामी भाग तेलकट असूनही पास होतो. म्हणून चाचणीपूर्वी भाग भरपूर पाण्याने खळखळावा, आणि शंका असल्यास लोखंडी भाग क्षणभर अगदी सौम्य आम्लात बुडवून, पुन्हा धुऊन मग पाणी ओतावे. मुलामा देणारे कारागीर आम्लात बुडवल्यानंतरच पाण्याचा थर पाहतात, त्याचे कारण हेच. भाग एकदा वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घेणेही उपयोगी ठरते, कारण खाचांमध्ये दडलेले तेल रात्रभरात पृष्ठभागावर पसरलेले असते.

लोखंडासाठी आणखी एक चाचणी आहे, आणि तिचे साहित्य तुमच्याकडच्या कोणत्याही कृषी केंद्रात मिळते. वरूड-मोर्शीकडील संत्रा बागायतदार बोर्डो मिश्रण (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांचे बुरशीनाशक) तयार झाल्यावर त्यात लोखंडी विळा किंवा चाकू बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर मिश्रणात मोकळे तांबे आहे आणि चुना कमी पडला आहे, असे ते ओळखतात. तीच क्रिया येथे उलट बाजूने वापरायची. प्लास्टिकच्या भांड्यात एक लिटर पाण्यात सुमारे 15 ग्रॅम मोरचूद विरघळवावे, त्यात बॅटरीच्या आम्लाचे थोडे थेंब घालावेत आणि धुतलेला पत्रा वीसेक सेकंद बुडवून काढावा. स्वच्छ लोखंडावर तांबे एकसारखे, घट्ट चढते. तेल असेल तिथे राखाडी ठिपके उरतात किंवा तांबे बोटाने पुसले जाते. पाण्याच्या चाचणीत दिसतो त्यापेक्षा मळाचा नकाशा येथे अधिक स्पष्ट उमटतो, आणि गिऱ्हाइकाला दाखवायलाही तो चांगला. हातमोजे घालावेत, आणि ही चाचणी नमुन्याच्या तुकड्यावर किंवा भंगारातल्या भागावरच करावी. तांबे चढलेला भाग परत यंत्रात बसवू नये, कारण अशा जागी गंज लवकर धरतो. ॲल्युमिनियम व पितळेसाठी ती वापरू नये.

पांढऱ्या फडक्याने पुसून पाहणे झटपट होते, पण त्यात फक्त काळा मळ दिसतो, पारदर्शक तेल नाही. नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चखाली अनेक खनिज तेले निळसर चमकतात. मात्र सगळी चमकत नाहीत, आणि कपड्यांच्या पावडरीतील उजळक द्रव्यही चमकते. आपले तेल चमकते की नाही हे आधी पाहूनच या टॉर्चवर भरवसा ठेवावा.

आता तुमच्या पाण्याविषयी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा (जमिनीतील पाणी खारे असलेला भाग) हा या चाचणीतला सर्वांत दुर्लक्षित घटक आहे. उत्पादनाच्या पत्रकावरील आकडे बहुधा शुद्ध किंवा मृदू पाण्यात काढलेले असतात. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम अधिक असेल, तर साबणावर आधारलेल्या डिग्रीझरचा बराचसा भाग त्या क्षारांशी बांधला जाऊन साका बनतो आणि तेल उचलायला शिल्लकच राहत नाही. दोन पारदर्शक बाटल्यांत, एकीत बोअरचे आणि दुसरीत बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी घेऊन, डिग्रीझर सारख्याच प्रमाणात मिसळून हलवावे व तासभर ठेवावे. बोअरच्या बाटलीत दह्यासारख्या गुठळ्या किंवा तरंगणारा साका दिसला, तर विक्रेत्याकडे कठीण (क्षारयुक्त) पाण्यासाठीचा प्रकार मागावा किंवा उत्पादन नाकारावे. पाण्यातील क्लोराइडमुळे तेल निघालेल्या उघड्या लोखंडावर वाळता वाळताच पिवळट गंज उमटतो. यात डिग्रीझरचा दोष नसतो, उलट धातू खरोखर उघडा झाल्याची ती खूण असते. त्यावर उपाय म्हणजे शेवटचे खळखळणे पावसाच्या किंवा शुद्ध पाण्याने करणे, ब्लोअरने ताबडतोब वाळवणे आणि लगेच प्रायमर किंवा तेल लावणे. वजनाच्या चाचणीतही शेवटचे पाणी शुद्धच घ्यावे, नाहीतर उरलेला मळ आणि बसलेला क्षार यांची गल्लत होते.

तापमानाची नोंद प्रत्येक वेळी ठेवावी. पाण्यातील बहुतेक डिग्रीझरचे काम 50 ते 60 अंश सेल्सिअसला सर्वांत चांगले होते, कारण तेल पातळ होऊन सुटते. डिसेंबरातील सकाळच्या गार पाण्यात घेतलेली चाचणी आणि मे महिन्यातील दुपारची चाचणी यांची तुलनाच होऊ शकत नाही. पाणी तापवण्याची सोय नसेल, तर हिवाळ्यातील सर्वांत गार पाण्यावर उत्पादन उतरते का, हे पाहावे.

‘पर्यावरणपूरक’ या नावाखाली दोन अगदी भिन्न प्रकारचा माल विकला जातो. एक पाण्यातला, वर वर्णन केलेला. दुसरा वनस्पतिजन्य द्रावकांचा, ज्यात संत्र्याच्या सालीतून निघणारे लिमोनिन आणि सोयाबीन तेलापासून केलेले मिथाइल एस्टर हे प्रमुख. संत्रा आणि सोयाबीन ही दोन्ही आपल्याकडची पिके असल्याने या मालाविषयी सहज आपुलकी वाटते, तरीही तो तपासूनच घ्यावा. लिमोनिन ग्रीस फार चांगले विरघळवते, पण त्याच्या वाफा सुमारे 48 अंशांना पेट घेऊ शकतात. मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे सावलीतला पारा 45 अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक. अशा शेडमध्ये वेल्डिंगशेजारी लिमोनिनचे उघडे भांडे ठेवणे रॉकेल ठेवण्याइतकेच धोक्याचे आहे. शिवाय ते जलचरांना विषारी असून हवा लागून जुने झाल्यावर काहींच्या त्वचेवर ॲलर्जी उठवते. सोयाबीनचे मिथाइल एस्टर सुरक्षित आहे, मात्र अतिशय सावकाश उडते आणि स्वतःच तेलकट थर ठेवते. नंतर पाण्यातल्या डिग्रीझरने धुतल्याशिवाय भाग पाण्याच्या थराच्या चाचणीत उतरत नाही. तरीही जुन्या द्रावकांकडे परत जाणे हा पर्याय नाही. ट्रायक्लोरोइथिलिनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, आणि ओझोन थर विरळ करणाऱ्या कार्बन टेट्राक्लोराइडचा असा वापर मॉन्ट्रियल कराराखाली भारतात 2010 पासून बंद झाला.

सपाट पत्र्यावर पास झालेले डिग्रीझर खऱ्या भागावर पास होईलच असे नाही. आंधळी (आरपार नसलेली) भोके, आटे, की-वे (चावी बसवायच्या खाचा) आणि बेअरिंगच्या पिंजऱ्यातील फटी येथे द्रावण पोहोचत नाही आणि पोहोचले तर बाहेर येत नाही. यासाठी घट्ट बसलेली नट-बोल्टची जोडी मळवून, तशीच धुऊन, वाळवून मग उघडावी आणि आट्यांत काय उरले ते भिंगाने पाहावे. धुतलेले हाउसिंग थोडे गरम केले, तर फटीतले तेल ओघळून बाहेर येते. तेल मुरवलेले सच्छिद्र बुश मात्र कोणत्याही डिग्रीझरमध्ये कधीच टाकू नयेत. त्यांतील तेल हेच त्यांचे आयुष्य असते. रबरी ऑइल-सील आधी काढावे, आणि ते निघण्याजोगे नसेल तर जुने सील द्रावणात दिवसभर ठेवून त्याचा व्यास व्हर्निअरने मोजावा. लिमोनिनमध्ये ते हमखास फुगलेले आढळेल.

पहिल्या दिवशी सर्वच बादल्या चांगल्या वाटतात. म्हणून डिग्रीझरच्या द्रावणात मोजून वापरलेले तेल घालत जावे, लिटरमागे पाच ग्रॅम, मग दहा, मग वीस, आणि प्रत्येक टप्प्यावर नवा संच धुवावा. कोणत्या टप्प्यावर उरलेला मळ एकदम वाढतो, यावरून बादली किती दिवस चालेल हे कळते, आणि खर्चाचा हिशेब कॅनच्या किमतीवर न करता याच आकड्यावर करावा. माझ्या अनुभवात स्वस्त डिग्रीझर पुष्कळदा इथेच महाग पडते.

याच टप्प्यावर वापरलेले द्रावण काचेच्या बाटलीत रात्रभर स्थिर ठेवून पाहावे. काही डिग्रीझर तेल सोडून देतात, ते वर तरंगते, काढून घेता येते आणि खालचे द्रावण पुन्हा वापरता येते. काही तेलाला दुधासारखे मिसळून धरून ठेवतात. ते द्रावण लवकर थकते आणि त्याची विल्हेवाट अवघड होते. तुमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपसाठी मी नेहमी पहिलाच प्रकार सुचवतो, मग ते धुण्यात थोडे मागे असले तरी चालेल. ‘जैवविघटनशील’ हा शिक्का न वापरलेल्या उत्पादनाला लागू असतो. त्यामागील सर्वमान्य चाचणीत 28 दिवसांत किती विघटन होते हे पाहतात, आणि त्यात तुमचे गिअर ऑइल धरलेले नसते. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल व ग्रीस लिटरला 10 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी पर्यावरण नियमांची सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि वापरलेल्या बादलीत ते त्याच्या शेकडो पट असते. वर आलेले तेल काढून बंद डब्यात साठवावे आणि वापरलेले तेल घेण्याची परवानगी असलेल्या संकलकालाच द्यावे. खालचे थकलेले द्रावण शेतात, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, तर वेगळ्या पिंपात साठवून त्याच मार्गाने पाठवावे. विक्रेत्याला खरेदीपूर्वीच लेखी विचारावे की, थकलेली बादली तो परत घेतो का, आणि घेत नसल्यास तिचे काय करावे असे त्याचे सुरक्षितता-पत्रक सांगते.